'प्रूबा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: पोलंडच्या राजांच्या स्मारक नाण्यांपैकी काहींवर 'प्रूबा' असा शब्द असतो. तो चांदीचा कस दाखवतो, की हे 'प्रूफ' नाणं आहे? मराठीत काय लिहावं?

दोन्ही नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे. शब्दातल्या 'ओ'वर तिरकी रेघ असते, म्हणून उच्चार 'प्रूबा'. पोलिशमध्ये त्याचा अर्थ चाचणी, आणि सोन्याचांदीचा कस सांगतानाही हाच शब्द. दागिन्याबद्दल 'प्रूबा ९२५' म्हटलं की हजारांत ९२५ भाग चांदी. नाण्यावर मात्र आकडा नसतो, नुसता शब्द असतो. तिथे अर्थ एवढाच, की टांकसाळीने हे चाचणीसाठी पाडलं.

१९३३चं १० झ्लॉटींचं नाणं घ्या. १६८३ साली व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठवणारा राजा तिसरा यान सोबिएस्की त्यावर आहे. त्या विजयाला २५० वर्षं झाली म्हणून ते काढलं. नेहमीच्या चलनी नाण्यात चांदी हजारी ७५०. त्याच नाण्याची 'प्रूबा' लिहिलेली प्रतही आहे, आणि संग्राहकांची उडी तिच्यावर. मिएश्को आणि दुब्रावका या राजदांपत्याच्या १९६६च्या १०० झ्लॉटींचेही असे नमुने आहेत.

'प्रूफ' तर अजिबात लिहू नका. मूळ लॅटिन शब्द एकच असला, तरी प्रूफ म्हणजे आरशासारखी झळाळी दिलेलं नाणं. पोलिश संग्राहक त्याला वेगळाच शब्द वापरतात, 'लुस्त्शांका', म्हणजे आरसेवालं. विक्रीच्या यादीत या दोघांची गल्लत झाली, की किमतीचीही होते.

मराठीत 'चाचणी नाणं' चालेल, पण मला ते कोरडं वाटतं. 'वानगी' हा आपला जुना शब्द आहे: माल पसंतीला दाखवायला काढलेला थोडासा भाग. टांकसाळ मंजुरीसाठी नमुना पाडते, तेव्हा नेमकं तेच करते. म्हणून मी 'वानगीचं नाणं' लिहितो. पाडण्याच्या क्रियेला मात्र 'चाचणी ठसा'च बरा. ('कसाचं नाणं' नको; मग पुन्हा ९२५चा घोळ.)

विकत घेताना शब्द भिंगाखाली बघा. अक्षरं उठावाची असतील तर ती साच्यातूनच आलेली असण्याची शक्यता अधिक. खोलगट असतील तर जास्त जपा, कारण साध्या नाण्यावर तो शब्द मागाहून ठोकणं फारसं अवघड नाही.