शेवाळातलं औषध आणि रसायनशास्त्राची वाट

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजीत ९२ गुण. समुद्री शेवाळातल्या साखरेपासून विषाणूंवर औषध निघतं असं वाचल्यापासून डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा सोडून ‘मरीन बायोटेक’चाच हट्ट धरून बसली आहे. गोव्यात राहून यात पोट भरेल का?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, तिने वाचलंय ते खोटं नाही. लाल शेवाळातलं कॅराजीनन, तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन ही पॉलिसॅकराइडं, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या. त्यांच्यावर सल्फेटचा ऋणभार असतो. कित्येक विषाणू आपल्या पेशीवरच्या अशाच साखळ्यांना आधी चिकटतात आणि मग आत शिरतात. शेवाळातली साखळी त्यांना बाहेरच अडकवते. सर्दीसाठी कॅराजीननचे नाकात मारायचे स्प्रे परदेशात मिळतातही.

पण तिला पुढचंही वाचायला लावा. कॅराजीननचं जेल एचआयव्ही रोखेल अशी मोठी आशा होती, प्रयोगशाळेत ते चाललंही. दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली आणि २००८ साली निकाल आला : जेल निर्धोक आहे, पण संसर्ग रोखत नाही.

शिवाय हणजूणच्या खडकांवरचं एकच शेवाळ दोन वेगळ्या ऋतूंत काढलं तर साखळीची लांबी बदलते, सल्फेटचं प्रमाणही. शेवाळ उकळायचं, गाळायचं, त्यात अल्कोहोल ओतलं की पांढरे तंतू वर येतात. इथपर्यंतचं काम कॉलेजातही जमतं. हे तंतू प्रत्येक बॅचला तेच आहेत हे सिद्ध करणं कठीण, आणि औषधाला नेमकं तेच लागतं. माझ्या मते खरं करिअर इथे आहे, आणि ते रसायनशास्त्राचं आहे.

म्हणून पदवीलाच ‘मरीन’ शोधू नका. बीएस्सी केमिस्ट्री करावी, जोडीला बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी. मग ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी मरीन बायोटेक आहेच, त्यासाठी गॅट-बी ही बायोटेकची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. संशोधनाला दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था घराजवळच म्हणायची. पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पक्की नोकरी मात्र तिशीच्या आसपास, हे घरात आधीच बोलून घ्या.

लवकर कमावणं गरजेचं असेल तर जीसीईटी ही गोव्याची प्रवेश परीक्षा देऊन बीफार्म. त्यातही काही बिघडत नाही. वेर्णा, कुंडईच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, हाताळणारी माणसं लागतातच, मग ती बीफार्म असोत की केमिस्ट्रीवाली.

एक राहिलं. बायोलॉजीचे गुण तुम्ही लिहिलेत, केमिस्ट्रीचे नाही. ते कळवा. ऑरगॅनिकचं पुस्तक तिला उघडावंसंच वाटत नसेल, तर वरचा सल्ला मला बदलावा लागेल.