बोलताना अडखळणाऱ्याने उपदेश करावा का?

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशाची पाळी माझ्यावर येते, तेव्हा हातातला कागद थरथरतो आणि शब्द अडखळतात. हे काम वक्त्यांवरच सोपवावे का?
– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या थरथरत्या कागदाविषयी वाचून मला ख्रिस्ताचा प्रेषित पौल आठवला. वक्तृत्वाला मोठा मान असलेल्या ग्रीसमधील करिंथ शहरात तो दीड वर्ष राहिला. तरीही आपण तेथे अशक्त, भयभीत व कंपित होऊन आलो आणि आपले भाषण मन वळवणाऱ्या शब्दांवर नव्हे, तर आत्मा व सामर्थ्य यांवर उभे होते, असे त्याने बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मोकळेपणाने सांगितले आहे. श्रोत्यांचा विश्वास देवाच्या सामर्थ्यावर टिकावा, हे त्यामागचे कारण. तयारी मात्र टाळू नये. पौलाच्याच काळातला ख्रिस्ती उपदेशक अपुल्लोस उत्तम वक्ता होता, तोही देवाच्या उपयोगी पडलाच. शनिवारी रात्री गुडघे टेकून बायबलमधील उतारा वाचा. रविवारी अडखळलात, तर क्षणभर थांबा आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयी पुढे बोला.