वाचकांचे प्रश्न: चार नंबरच्या खोलीतला भाडेकरू

या वेळी आलेल्या प्रश्नांत चार जण एकाच विषयाभोवती, नशेच्या रासायनिक द्रव्यांच्या नावांभोवती, फिरत होते, त्यामुळे बाकीचे (कुकरची शिट्टी, मिठाला पाणी सुटणं वगैरे) पुढच्या अंकात.

प्रश्न : बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेनेथिलअमाइन शिकवताना सरांनी फळ्यावर 2सी-बी, 2सी-ई, 2सी-टी-7 अशी नावं लिहिली, "सिंथेटिक सायकेडेलिकची फॅमिली, परीक्षेला नाही" म्हणाले आणि पुसून टाकली. ही नावं पडली कशी? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

परीक्षेला नाही म्हटलं की नेमकं तेच डोक्यात राहतं, माझंही तसंच व्हायचं. तर बघ, बेंझिनची रिंग म्हणजे सहा खोल्यांची एक चाळ समज. एक नंबरच्या खोलीला बाहेरून दोन पायऱ्यांचा जिना आहे आणि जिन्याच्या टोकाला नायट्रोजन बसलाय, हेच तुझं फेनेथिलअमाइन. आणि सायकेडेलिक म्हणजे डोळ्यांपुढे भास उभे करणारी द्रव्यं. या दोन पायऱ्या म्हणजे दोन कार्बन, आणि 2सी म्हणजे तेवढंच, टू कार्बन्स, बाकी काही गूढ नाही. आपल्या मेंदूतल्या डोपामिनचाही सांगाडा हाच, फक्त त्याच्या खोल्यांत वेगळी माणसं राहतात.

2सी कुटुंबात दोन आणि पाच नंबरच्या खोल्यांत मेथॉक्सी (ऑक्सिजनला जोडलेला एक कार्बन) हे कायमचे भाडेकरू. चार नंबरची खोली मात्र सतत भाड्याने जाते, आणि तिथे जो राहायला येईल त्याचं अक्षर नावाला लागतं. ब्रोमिन आला की 2सी-बी, आयोडिन आला की 2सी-आय, इथिल आला की 2सी-ई. क्लोरिन आला की 2सी-सी, म्हणजे एकाच नावात दोन सी आणि दोघांचा अर्थ वेगळा. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललंय असं वाटतं आणि मग येतो 2सी-डी, ज्यात चौथ्या खोलीत मिथिल आहे आणि अक्षर डी! टी म्हणजे थायो, गंधक. पण 2सी-टी-2, टी-4, टी-7 मधल्या आकड्यांना रचनेच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही, ते कागदावर ज्या क्रमाने सुचले तो क्रम. त्यामुळे टी-7 मध्ये सात काय आहे ते शोधत बसू नकोस, मी एकदा बसले होते.

हे बारसं करणारा माणूस अलेक्झांडर शुल्गिन, कॅलिफोर्नियाचा केमिस्ट (1925–2014). डाउ केमिकल कंपनीत असताना त्याने झेक्ट्रान नावाचं कीटकनाशक काढलं, ते चाललं, आणि बक्षीस म्हणून कंपनीने त्याला हवं ते करायची मोकळीक दिली. त्याला हवं होतं मेस्कलिन. पेयोटी या मेक्सिकोकडच्या निवडुंगातलं हे द्रव्य, 1897 मध्ये आर्थर हेफ्टरने वेगळं काढलेलं, ज्यात मेथॉक्सी तीन, चार आणि पाच नंबरच्या खोल्यांत राहतात. शुल्गिनने या भाडेकरूंच्या खोल्या बदलून बघायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं, लाफायेटमधल्या घरामागच्या लॅबमध्येसुद्धा, तो तेच करत राहिला. 2सी-बी 1974 मधला. 1991 साली बायको ॲनसोबत लिहिलेल्या पुस्तकात असल्या 179 संयुगांच्या नोंदी आहेत, आणि बऱ्याचशांची चव त्याने स्वतः घेतलेली. केमिस्ट म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं आणि लॅबमध्ये काही चाखायचं नाही हे पोरांना तीस वर्षं ओरडून सांगणारी बाई म्हणून अंगावर काटाही येतो.

जिन्यात तिसरा कार्बन घातला की घराणंच बदलतं, मग नाव डीओने सुरू होतं. 2सी-बी अधिक एक कार्बन म्हणजे डीओबी. एवढ्याशा फरकाने शरीरातल्या एन्झाइमला ते तोडणं अवघड जातं, म्हणून 2सी-बीचा अंमल काही तासांत उतरतो आणि डीओबीचा जवळजवळ दिवसभर रेंगाळतो. याच घरातल्या डीओएमच्या गोळ्या 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एसटीपी या नावाने वाटल्या गेल्या. डोस भरमसाट, त्यात अंमल उशिरा चढतो, मग "काही होत नाहीये" म्हणून लोकांनी दुसरी घेतली आणि हॉस्पिटलं भरली.

आणि माझं सगळ्यात आवडतं नाव सांगायचं राहिलंच. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात डेव्हिड निकोल्स यांच्या लॅबने रिंगच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक रिंग जोडली, कागदावर ते चित्र पंख पसरलेल्या माशीसारखं दिसलं म्हणून नाव फ्लाय, आणि त्याचाच पुढचा प्रकार ड्रॅगनफ्लाय, आपला चतुर. इथे अक्षरांचा हिशोब सोडून सरळ चित्रावरून नाव ठेवलंय.

प्रश्न : एलएसडी-25 मध्येही 25 आणि 25आय-एनबॉम मध्येही 25. मग दोन्ही एकाच जातीची का? (सातारा)

नाही हो, निव्वळ योगायोग. एलएसडी ही अक्षरं जर्मन नावातली, आणि 25 कारण अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीत लायसर्जिक ॲसिडपासून जी मालिका बनवली त्यातलं ते पंचविसावं. 25आय मधला 25 म्हणजे वर सांगितलेल्या दोन आणि पाच नंबरच्या खोल्या, आय म्हणजे आयोडिन, आणि एनबॉम म्हणजे नायट्रोजनला जोडलेला मेथॉक्सीवाला बेंझिल. ही रचना 2003 मध्ये बर्लिनच्या राल्फ हाइम यांच्या प्रबंधात आली, मेंदूतले रिसेप्टर (द्रव्य जिथे जाऊन बसतं त्या जागा) अभ्यासायला. पुढे बाजारवाल्यांनी ती उचलली आणि कागदाच्या चौकोनांवर लावून एलएसडी म्हणून खपवली. मेस्कलिनला शेकडो मिलिग्रॅम लागतात, 2सी-बीला दहा-वीस, आणि याला एक मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही, म्हणजे मोजताना हात जरा हलला की संपलं. माणसं मेलीत यात.

प्रश्न : मुलगा होस्टेलला जाणार आहे. पेपरात एमडी एमडी वाचते, ते हेच का? कुठलं नाव कानावर आलं की सावध व्हायचं? (एक आई, डोंबिवली)

ताई, हे ते नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्यात एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, म्याव म्याव पण तेच. परदेशात एमडी म्हटलं की बहुतेक जण एमडीएमए (एक्स्टसी) समजतात, म्हणजे दोन शहरांत एकच शब्द आणि वस्तू वेगळी. मेफेड्रोन हे कॅथिनोन नावाच्या उत्तेजकांच्या कुळातलं, 2सीचं लांबचं चुलत भावंड म्हणा फार तर, आणि फेब्रुवारी 2015 पासून ते आपल्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आलंय.

नावावरून सावध व्हायचं म्हणाल तर नावावर माझा विश्वासच नाही. 2009 मध्ये 2सी-बी-फ्लाय म्हणून विकलेल्या मालात प्रत्यक्षात ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय निघालं, कितीतरी पटींनी तीव्र, आणि डेन्मार्क आणि अमेरिकेत त्याने जीव गेले. घेणाऱ्यांनी नावावरून माहिती वाचून डोस ठरवला होता, पण पुडीत दुसरंच होतं. त्यामुळे मुलाला नावांची यादी पाठ करायला लावू नका. एवढंच सांगा की मित्राचं अंग तापलं, झटके आले, बरळायला लागला तर घाबरून खोलीत कोंडून ठेवायचं नाही, 108 ला फोन करायचा, काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं आणि उरलेली पुडी टाकून न देता सोबत न्यायची, कारण नाव चुकीचं असू शकतं. आणि रागावणार नाही असं आधीच कबूल करा, नाहीतर तो फोन करणारच नाही.

प्रश्न : इथे "तुसी" नावाची गुलाबी पावडर क्लबात चालते. ते 2सी-बी का? (बार्सिलोनाहून एक वाचक)

नाव तिथूनच आलंय, टू-सी पटकन म्हटलं की तुसी. कोलंबियात हे सुरू झालं तेव्हा 2सी-बी ही श्रीमंतांची महागडी चीज होती, म्हणून नावाला भाव आला. आता तपासलेल्या नमुन्यांत बहुतेक वेळा केटामिन (भुलीचं औषध), एमडीएमए आणि कॅफिनची खिचडी निघते, 2सी-बी क्वचितच. पिंक कोकेन असंही म्हणतात, पण कोकेनही बहुधा नसतंच. गुलाबी रंग तेवढा खरा, खाण्याचा.