मालवणातल्या आमच्या निवास-न्याहारीच्या संकेतस्थळावर पर्यटकांची खाती व पासवर्ड साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवले तर चालतील का?

पासवर्ड जसेच्या तसे ठेवणे अजिबात चालणार नाही. बाकीचा तपशील फाइलमध्ये ठेवता येईल, पण ती फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर असली पाहिजे. ती आत राहिली, तर ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकणाऱ्या कोणालाही ‘नाव, मोबाइल, मालवण१२३’ अशा ओळींची सगळी यादी समोर दिसते, आणि पुष्कळ लोक एकच पासवर्ड ईमेललाही वापरत असल्यामुळे नुकसान तुमच्या खोल्यांच्या बुकिंगपुरते राहत नाही. खरे तर दोष टेक्स्ट फाइलचा नाही: युनिक्स या संगणक-प्रणालीमध्येही खाती टेक्स्ट फाइलमध्येच असत, मात्र पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असे त्याचे रूप, लिहिलेला असे, आणि ती फाइल सर्वांना वाचता येते म्हणून पुढे हॅशही केवळ प्रशासकाला वाचता येणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये हलवले गेले. पीएचपी या संकेतस्थळे लिहिण्याच्या भाषेत २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून हॅश करण्याची आणि पडताळण्याची फंक्शने तयारच मिळतात, तेव्हा स्वतःची गुप्तलिपी रचण्याच्या फंदात पडू नये. मात्र मे महिन्याच्या गर्दीत दोन पर्यटकांनी एकाच क्षणी नोंदणी केली आणि फाइलला लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारी सोय) लावलेले नसले, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली पुसली जाऊ शकते. त्यापेक्षा एसक्यूलाइट घ्यावे, कारण तोही एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस आहे, वेगळा सर्व्हर मागत नाही आणि लॉकची व्यवस्था स्वतः पाहतो.