वीज नसलेलं कांपुंग नागासारखं मागास गाव बघायला मुलांना घेऊन इंडोनेशियात एवढ्या आत जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, जरूर जा. फक्त 'मागास' हे आधी मनातून काढून टाका. वीज पोचली नाही म्हणून ते गाव अंधारात आहे असं तुम्ही धरून चालला आहात, आणि ते खरं नाही. नेमक्या याच गोष्टीवरून आमच्या घरात कितीतरी दिवाळ्या वाद झालेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मिस्टरांची नोकरी बांडुंगजवळच्या एका कापड गिरणीत होती. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. तिकडे राहत होतो तेव्हा सुट्टीत माझे थोरले दीर आणि जाऊबाई आल्या. भाऊजींची उमेदीची सगळी वर्षं वीज खात्यात गेली. डोंगरातल्या वाड्यांवर खांब नेऊन पहिला दिवा लागताना त्यांनी पाहिलेला, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. अशा माणसाला मी कांपुंग नागाला घेऊन गेले.

गाव पश्चिम जावात, गारुतहून तासिकमलायाला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागूनच आहे. गाडी वर लावायची आणि चारशेच्या वर पायऱ्या उतरायच्या. निम्म्यावर आलं की भाताची खाचरं, चिवुलान नदी आणि तिच्या काठाला दाटीने बसलेली काळी छपरं दिसतात. जेमतेम दीड हेक्टर जागा, त्यात शंभराहून थोड्या जास्त इमारती, मशीद, सभागृह आणि धान्याचं कोठार धरून. सगळी घरं उत्तर-दक्षिण तोंडाची, जमिनीपासून उचललेली, बांबूच्या चटईच्या भिंतींची, वर ताडाच्या जातीच्या झाडाचे काळे धागे शाकारलेले. चुन्याखेरीज रंग नाही, विटेची भिंत नाही, खुर्ची-टेबल-पलंग नाही. श्रीमंताचं घर कोणतं हे बाहेरून ओळखता येत नाही.

खाली पोचल्यावर भाऊजींनी वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याला पहिलाच प्रश्न केला, "सरकार वीज देत नाही की तुम्हाला परवडत नाही?" मला भाषांतर करायची लाज वाटली, पण केलं. तो गृहस्थ अजिबात रागावला नाही. तार वरच्या रस्त्यावरून जाते, ती आम्हीच घेतली नाही, असं त्याने सांगितलं. कारणं दोन दिली. घरं गवताची, बांबूची आणि वळचणीला वळचण लागलेली. एक ठिणगी पडली तर गाव उरणार नाही. आणि दुसरं, वीज आली की एकाच्या घरी फ्रिज येईल, शेजारी त्याच्याकडे बघत बसेल, आणि सगळ्यांनी सारखं राहायचं हा पूर्वजांचा नियम मोडेल.

पहिलं कारण वरवरचं समजू नका. 1956 साली हे गाव खरोखरच जळालेलं आहे. इस्लामी राज्यासाठी लढणाऱ्या कार्तोसुविर्योच्या दारुल इस्लाम बंडखोरांना गावाने साथ दिली नाही, म्हणून त्यांनी ते पेटवून दिलं. घरांबरोबर जुनी लिखितं आणि वारसा वस्तूही गेल्या. आपला इतिहास विचारला की इथले लोक 'पारेउम ओबोर' म्हणतात, म्हणजे मशाल विझली. मूळ पुरुष सेंबाह दालेम सिंगापार्ना, त्यांची समाधी पश्चिमेच्या पवित्र रानात, यापलीकडे त्यांच्याकडे फार कागद उरलेला नाही. तरीही त्यांनी गाव पुन्हा बांधलं ते जसंच्या तसं. विटा आणि पत्रे घेणं सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही.

स्वयंपाकघर मी मुद्दाम नीट पाहिलं. तिथली भिंत मोकळ्या विणीची असते. धूर बाहेर जातो, आणि आत आग भडकली तर बाहेरून जाणाऱ्याला लगेच दिसते. घराला मागचं दार नसतं, पुढून आलेली बरकत मागून निघून जाऊ नये म्हणून. धान्याच्या खोलीत वावर बायकांचाच. भात कांडायची उखळं तळ्यावरच्या मांडवात ठेवलेली, कोंडा खाली पडतो आणि मासे खातात. नदीपलीकडे एक रान आहे, त्यात पाय ठेवायचा नाही, काडीही आणायची नाही, आपल्या देवराईसारखंच. ज्या लोकांनी उतार, पाणी, आग आणि शेजाऱ्याचा हेवा या चारही गोष्टींची व्यवस्था लावून ठेवली आहे, त्यांना मागास म्हणणं मला पटत नाही आणि पटणारही नाही.

एका घरात गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही दिसला. भाऊजींनी लगेच बोट दाखवलं, "बघ, हवं आहे ना त्यांना? मग बाकीच्यांना अंधारात का ठेवायचं?" परतताना सगळ्या पायऱ्या ते हेच बोलत चढले. त्यांचं म्हणणं असं की तीन-चार म्हातारे ठरवतात आणि पोरांना भोगावं लागतं. निवड वगैरे शहरातल्या लोकांच्या गप्पा.

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आता देते. या गावाचे वंशज, ज्यांना सा-नागा म्हणतात, बहुतेक बाहेरच राहतात, कारण आत घरं वाढवायला जागाच नाही. बाहेर त्यांच्याकडे वीज आहे, मोटारसायकल आहे, सगळं आहे. त्यांना कोणी वाळीत टाकत नाही. वर्षात सहा वेळा हाजात सासिह हा पूर्वजांचा विधी होतो तेव्हा ते येतात, पुरुष नदीत अंघोळ करून पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, समाधी झाडायला जातात. म्हणजे ज्याला दिवा हवा त्याने पायऱ्या चढून वर जावं, तो आपलाच राहतो. दार उघडं असताना आत राहणाऱ्याला कोणी अंधारात ठेवलेलं नसतं, भाऊजी. मेळघाटातल्या ज्या वाड्यांनी वीज मागितली आणि त्यांना वर्षानुवर्षं मिळाली नाही, तो अन्याय. तिथे तुम्ही खांब नेलेत ते पुण्याचं काम होतं. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत एवढंच मी तेव्हापासून म्हणते आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं. बालीला जाणार असाल तर तिथून एका दिवसात जाऊन येणं होणार नाही, तो विचार सोडा. विमानाने जकार्ता, तिथून रेल्वेने बांडुंग, पुढे गाडी करून गारुतला मुक्काम, असं करा. गारुतजवळच्या लेलेसला चांगकुआंगचं शिवमंदिर चुकवू नका. 1966 साली त्याचे अवशेष सापडले, बाजूलाच एक जुनी मुस्लिम कबर आहे, दोन्ही एकत्र सांभाळतात. तळ्यातून बांबूच्या तराफ्याने जायचं, मुलांना आवडेल. शेजारच्या कांपुंग पुलोत घरं सहाच, सातवं बांधायचं नाही. वेळ असेल तर गालुंगगुंग ज्वालामुखीही बघा. 1982 साली त्याच्या राखेत सापडून एका प्रवासी विमानाची चारही इंजिनं आकाशात बंद पडली होती. इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरलं.

हे आधी सांगायला हवं होतं: गुडघे दुखत असतील तर परतीच्या पायऱ्या त्रास देतात. संडास-न्हाणी घरांपासून दूर, तळ्यावर असतात, लहान मुलांना ते जड जाऊ शकतं. रात्री राहायचं तर गावप्रमुखाची, म्हणजे कुंचेनची, परवानगी आधी घ्यावी लागते. पवित्र घराचा, बुमी आगेउंगचा, फोटो काढू नका. आणि मंगळवार, बुधवार, शनिवारी रूढी आणि पूर्वजांबद्दल बोलणं तिथे निषिद्ध आहे. गाव बघता येईल, पण मुलांना प्रश्न विचारायचे असतील तर दुसरा वार निवडा.