ब्रश अचानक खोडायला लागला, तर चूक कुणाची?

कॉम्प्युटरवर चित्र काढताना येणाऱ्या अडचणी कळवा, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. भरपूर प्रश्न आले. निम्म्याहून अधिक जणांनी शेवटी एकच वाक्य लिहिलंय : "माझंच काहीतरी चुकत असेल." विश्रामबागच्या माझ्या वर्गातही हे वाक्य रोज ऐकते आणि दरवेळी वाईट वाटतं. ज्यांचा हात कागदावर कधी अडला नाही, ती माणसं पडद्यासमोर स्वतःला अडाणी समजायला लागतात. आज घेतलेल्या एकाही प्रश्नात विचारणाऱ्याची चूक नाही.

क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गणपती रंगवत होते. मध्येच ब्रश रंग द्यायचा थांबला आणि दिलेला रंग खोडायला लागला. रंग बदलला, नवीन लेयर (चित्राचा वेगळा थर) घेतला, तर त्यावर काहीच उमटेना. चिडून दोन दिवसांचं काम टाकून दिलं. (बारावीची विद्यार्थिनी, मिरज)

फाइल पुसून टाकली नसशील तर आधी ती शोध. चित्र शाबूत असणार.

झालं असं, की डाव्या हाताचं बोट इंग्रजी 'ई'च्या कळीला लागलं. फोटोशॉपमध्ये ही कळ दाबली की हत्यारच बदलतं, ब्रश जाऊन खोडरबर येतं. क्रितात तसं नाही. तिथे हातातला ब्रश तोच राहतो, फक्त तो आता खोडतो. ही सोय खरोखर मोलाची आहे. कोळशाच्या खरबरीत ब्रशने केलेली छटा त्याच खरबरीत ब्रशने हलकी करता येते, गुळगुळीत रबराचा डाग पडत नाही. मी स्वतः ती दिवसभर वापरते. पण खोडणं चालू आहे हे कळतं कशावरून? वरच्या पट्टीतलं खोडरबराचं नखाएवढं बटण दाबलेलं दिसतं, त्यावरून. चित्रकाराची नजर पेनाच्या टोकावर असते, गणपतीच्या सोंडेवर असते. ती वरच्या पट्टीवर कशाला जाईल?

या दुखण्याला 'मोड' म्हणतात. कळ तीच, हाताची हालचाल तीच, पण मशीन कुठल्या अवस्थेत आहे त्यावर परिणाम बदलतो. लॅरी टेस्लर नावाच्या संगणकतज्ज्ञाने आयुष्यभर याच गोष्टीशी भांडण मांडलं. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करताना कट, कॉपी, पेस्ट ही पद्धत घडवणाऱ्यांपैकी तो एक. पुढे त्याने गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. २०२० मध्ये तो गेला. मोड काही गेले नाहीत.

तुझ्यापुरता उपाय सांगते. परत असं झालं की आधी 'ई' दाबून बघ. तरीही रंग उमटत नसेल तर कुठेतरी ठिपक्याएवढं सिलेक्शन, म्हणजे निवडलेला भाग, राहून गेलं असेल, त्याच्या बाहेर काहीच उमटत नाही. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलंस की ते सुटेल. आणि 'ई' सारखी लागतच असेल तर सेटिंग्ज मेनूतून 'कॉन्फिगर क्रिता'मध्ये जा, तिथे कीबोर्ड शॉर्टकट्सची यादी आहे. तिच्यात इरेझर मोड शोधून त्याला दूरची कळ दे. मशीनने तुझ्या हाताची सवय लावून घ्यायची, तू मशीनची नव्हे.

वीस वर्षं फ्लेक्सची डिझाइनं करतोय. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नव्यावर नवं फोटोशॉप घेतलं. आता शिफ्ट धरून फोटो लहान-मोठा केला की चेहरे ताणले जातात. कंट्रोल-झेडसुद्धा पहिल्यासारखं चालत नाही. (तासगाव)

तुमचा हात बरोबर आहे, खालची जमीन सरकली. २०१८च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून शिफ्टचा अर्थ उलटा झाला. आधी प्रमाण राखायला शिफ्ट धरावी लागायची. आता न धरता प्रमाण राहतं आणि धरली की मोडतं. त्याच वेळी कंट्रोल-झेडही बदललं. पूर्वी ते शेवटची एकच कृती मागे-पुढे करायचं, त्यामुळे बदलाच्या आधीचं आणि नंतरचं ताडून बघता यायचं. आता प्रत्येक दाबाला एक-एक पायरी मागे जातं.

नव्याने शिकणाऱ्याला नवी पद्धत सोपी आहे, हे मी मान्य करते. पण वीस वर्षांत बोटांत मुरलेली गोष्ट डोक्याने बदलत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं, वाढदिवस उद्यावर आलेला, आणि साहेबांचा चेहरा भोपळ्यासारखा फुगला, तर ऐकून घ्यावं लागतं तुम्हालाच. सुदैवाने जुनी वाट ठेवलेली आहे. प्रेफरन्सेसच्या 'जनरल' भागात 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म'वर खूण करा. एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये 'यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स' निवडा आणि फोटोशॉप बंद करून परत उघडा.

घरच्या लग्नाची पत्रिका फोटोशॉपमध्ये करतेय. मोबाइलवर नीट दिसणारा मजकूर तिथे चिकटवला की जोडाक्षरं फुटतात आणि इकार भलतीकडे जातो. फॉन्ट खराब आहे का? (इस्लामपूर)

फॉन्ट चांगला असेल तरी हे होतं. 'निमंत्रण' हा शब्दच घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, तो साठवताना आधी 'न' येतो आणि मागून ऱ्हस्व इकार. पडद्यावर मात्र इकार 'न'च्या अलीकडे काढायचा असतो. 'त्र' म्हणजे त, हलन्त आणि र असे तीन तुकडे, त्यांचं एक अक्षर जुळवायचं असतं. ही जुळणी करणारी यंत्रणा बंद असेल तर तुकडे साठवले तसेच रांगेत मांडले जातात.

ती चालू करायची जागा अशी : मजकुराचा लेयर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला छोटा मेनू उघडा, त्यात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. जुन्या आवृत्तीत आधी प्रेफरन्सेसच्या 'टाइप' भागात जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडावा लागतो आणि मग नवी फाइल उघडावी लागते.

इथे मला राग येतो आणि तो लपवायचा नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त होते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच, पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही आपली अक्षरं धड दिसण्यासाठी कोपऱ्यातला मेनू धुंडाळायचा, आणि तो पर्याय आहे हेसुद्धा कुणीतरी सांगावं लागतं. मी या कामात नवी होते तेव्हा ५०० पत्रिका इकार चुकलेल्या छापून आल्या होत्या. छापखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. वधूच्या आजींनी पहिल्याच नजरेत बोट ठेवलं. म्हणून छपाईला देण्याआधी मजकूर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या.

एकदम सगळी हत्यारं गायब झाली, फक्त चित्र उरलं! (कुपवाड)

टॅब दाबा. क्रिता, फोटोशॉप आणि गिम्प हे चित्रांचं आणखी एक सॉफ्टवेअर, तिन्हींत चालतं.

शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर मुलांना गिम्प शिकवतो. 'सेव्ह' केलेलं चित्र पालकांच्या मोबाइलवर उघडत नाही. शिवाय हत्यारांची चित्रं सगळी एकसारखी राखाडी, काही तर सापडतच नाहीत. (चित्रकला शिक्षक, जत)

सर, २०१२च्या २.८ आवृत्तीपासून गिम्पने 'सेव्ह' आणि 'एक्स्पोर्ट' वेगळे केले. सेव्ह म्हणजे फक्त गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल, लेयरसकट. जेपीजी किंवा पीएनजी हवी तर कंट्रोल-शिफ्ट-ई. मुलांना मी असं सांगते : सेव्ह म्हणजे घरातलं कच्चं चित्र, एक्स्पोर्ट म्हणजे प्रदर्शनाला लावायची प्रत. मग ती विसरत नाहीत. यामागचा विचार मला पटतो, लेयर गमावून रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

राखाडी चित्रांचं मात्र पटत नाही. सातवीतलं पोर हत्यार रंगावरून आणि जागेवरून ओळखतं. गिम्पच्या २.१० आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये 'इंटरफेस'खाली आयकॉन थीम आहे, तिथे 'कलर' निवडा. हत्यारं न सापडण्याचं कारण म्हणजे २०२०च्या २.१०.१८ पासून ती एकाखाली एक गटात घातली आहेत. त्याच भागात 'टूलबॉक्स'मध्ये 'यूज टूल ग्रुप्स'ची खूण काढली की सगळी परत समोर मांडली जातील. वर्गातल्या प्रत्येक लॅपटॉपवर हे एकदाच, मुलं येण्याआधी करून ठेवा.

वय ६८. मुलाने पेन-टॅब्लेट (पेनाने कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी) आणून दिला. क्रिता वापरतो. कृष्णेचा घाट रंगवायची फार इच्छा आहे. पण बटणं इतकी बारीक, की नेम लागेपर्यंत काय करायचं होतं तेच विसरतो. पेन जरा टेकवून ठेवलं की गोल वर्तुळ येतं. (पलूस)

काका, नेम न लागण्याचं कारण फक्त वय नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. तरुणांनाही हेच लागू. पडद्याच्या टोकाला तीळभर बटण ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

तुम्ही क्रिता वापरता असं लिहिलंय, ते बरं झालं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा, बटणं मोठी होतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्रावरच असताना पेनाचं बाजूचं बटण दाबा. ते राइट-क्लिकला जोडलेलं असेल तर टोकाभोवती एक चक्र उघडेल, त्यात तुमचे नेहमीचे ब्रश आणि रंग असतात. हात दोन बोटंही हलवावा लागत नाही.

ते गोल वर्तुळ विंडोजचं आहे, क्रिताचं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पेन अँड टच' उघडा, 'प्रेस अँड होल्ड'च्या सेटिंग्जमधली खूण काढा, ते थांबेल. घाटाच्या चित्राला सहा ब्रशपेक्षा जास्त लागणार नाहीत. पायऱ्यांच्या दगडासाठी एक खरबरीत आणि पाण्यासाठी एक मऊ, एवढे दोन आधी त्या चक्रात ठेवा. चित्र झालं की पाठवा, मला बघायचंय.