जपानी ‘केन’ला ‘खण’ म्हणावं का?

प्रश्न : जपानी वास्तुकलेवरचा लेख मराठीत आणताना ‘केन’ हा शब्द सतत येतो. कुठे त्याचा अर्थ ‘सुमारे १.८ मीटर’ असा दिलेला आहे, कुठे ‘दोन खांबांमधली जागा’ असा. आपल्या वाड्यातला ‘खण’ इथे बसेल का? आणि तेच अक्षर ‘मा’ असंही वाचतात, त्याचं काय करावं?

उत्तर : बसेल, पण सरसकट नाही. लाकडी घरात दोन तुळयांमधली किंवा दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. ‘पाच खणांचं माजघर’ म्हटलं की फूट न सांगताही घराचा आवाका कळतो. ‘केन’चा मूळ अर्थ नेमका हाच. तो मोजणीचा शब्द होता. लांबीचं ठरावीक माप नंतर झाला.

क्योतोचं सान्जूसान्गेन्दो देऊळ घ्या. नावाचा अर्थ ‘तेहेतीस केनांचं दालन’ (जोडशब्दात ‘केन’चा ‘गेन’ होतो). अनुवादक ३३ला १.८ने गुणतो आणि ६० मीटर लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात हे दालन १२० मीटरच्या आसपास लांब आहे, कारण ३३ ही गाभ्यातल्या खांबांमधल्या जागांची संख्या आहे आणि तिथला एकेक खण १.८ मीटरपेक्षा बराच मोठा आहे. इथे ‘तेहेतीस खणी’ हाच बिनचूक मराठी शब्द. देवळांच्या वर्णनात ‘लांबीला पाच केन, रुंदीला चार केन’ असं येतं, तिथेही खणच लिहावं. रुंदीच्या दिशेसाठी तर आपल्याकडे दुघई-तिघईतली ‘घई’ आहे, पण ती आता किती वाचकांना कळेल याची शंका वाटते.

माप म्हणून केन येतो तेव्हा मात्र ‘केन’च ठेवावा. १८९१च्या कायद्याने एक शाकू (जपानी फूट) म्हणजे मीटरचा १०/३३ भाग असं ठरलं. ६ शाकूंचा केन म्हणून १.८१८ मीटर. त्याआधी गावोगाव फरक होता आणि तातामीच्या, म्हणजे जमिनीवर बसवायच्या गवती तक्त्याच्या, आकारात तो अजून दिसतो. क्योतोकडची तातामी १९१ × ९५.५ सेंमी, तोक्योकडची १७६ × ८८ सेंमी. क्योतोच्या पद्धतीत तातामीचं माप पक्कं असतं आणि त्यांच्या हिशेबाने खांब उभे राहतात. तोक्योच्या पद्धतीत खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पक्कं. खांबांची जाडी वजा जाऊन उरेल तेवढ्यात तातामी बेतायची. त्यामुळे ओसाकातले भाडेकरू पूर्वी घर बदलताना स्वतःच्या तातामी सोबत नेऊ शकत. तोक्योकडे हे जमलं नसतं.

जाता जाता : तातामीला ‘चटई’ म्हणू नये. ती पाच-सहा सेंटिमीटर जाड असते. आत दाबलेल्या पेंढ्याचा थर, वर इगुसा गवताचा विणलेला पृष्ठभाग, लांब कडांना कापडी पट्टी. चटईशी साम्य फक्त वरच्या थराचं.

आता आधुनिक इमारतींकडे. जर्मन वास्तुकार ब्रूनो टाउट १९३३ साली जपानला आला आणि दुसऱ्याच दिवशी क्योतोतला जुना कात्सुरा प्रासाद पाहायला गेला. तेव्हापासून कात्सुरा हा आधुनिकतावाद्यांचा हुकमी दाखला झाला. १९६०च्या त्यावरच्या पुस्तकात इशिमोतो यासुहिरोंच्या छायाचित्रांत छपरं बहुतेक ठिकाणी चौकटीबाहेर कापली आहेत. उरतात खांब, शोजी (कागद लावलेली सरकती दारं) आणि त्यांमधल्या मोकळ्या चौकटी. परंपरेतलं हवं तेवढंच निवडून घेतलं, असं माझं मत. वास्तुकार तांगे केन्झोंच्या ताकामात्सुतल्या कागावा प्रांत कार्यालयात (१९५८) सज्जांखाली काँक्रीटच्या तुळयांची टोकं लाकडी वाशांसारखी ओळीने बाहेर येतात. अशा सांगाड्याच्या इमारतीत दोन खांबांमधल्या जागेला मी खण म्हणणार नाही. पुलाचा असतो तसा ‘गाळा’ म्हणेन. बांधकामावरचा माणूस तेच म्हणतो.

केन आज सर्वांत चिवटपणे टिकलाय तो प्लायवूडमध्ये. जपानी बाजारातला नेहमीचा तक्ता ९१० × १८२० मिमी, म्हणजे ३ × ६ शाकू; कारागीर त्याला ‘साबुरोकू’ (तीन-सहा) म्हणतात. लाकडी घरांचे नकाशेही बहुधा ९१०च्या पटीत असतात, आणि अनुवादात चूक होते ती इथेच. नकाशात ९१० दिसलं म्हणून ‘९१ सेंमी रुंद बोळ’ लिहू नका. ते अंतर खांबांच्या मध्यांमधलं आहे. १०५ मिमीचा खांब आणि दोन्ही बाजूंचे १२.५ मिमीचे जिप्सम बोर्ड वजा केले की चालायला ७८० मिमी उरतात. चाकाच्या खुर्चीला ते अडचणीचं ठरतं, म्हणून काही बांधकाम कंपन्या १००० मिमीच्या पटीत नकाशे करतात.

‘मा’ आणि ‘केन’ यांचं अक्षर एकच : दाराच्या चौकटीत सूर्य. खोली, दोन वस्तूंमधलं अंतर, दोन सुरांमधला थांबा, सगळं त्यात येतं. वास्तुकार इसोझाकी आराता यांनी १९७८ साली पॅरिसमध्ये ‘मा’वर प्रदर्शन भरवलं आणि पाश्चात्य लेखनात त्याला गूढ वलय चढलं. मराठीत संदर्भ पाहून ‘अंतर’, ‘मोकळी जागा’ किंवा ‘विराम’ लिहावं. प्रत्येक वेळी ‘अवकाश’ लिहून भारदस्त करू नये.

खोल्यांच्या आकारासाठी ‘सहा जो’ येतं, ते ‘सहा तातामींची खोली’ असं करा, पण चौरस मीटरही द्या. क्योतोच्या मापाने ती सुमारे १०.९ चौ.मी. भरते. गृहसंकुलांतल्या १७० × ८५ सेंमीच्या तातामींनी तीच ८.७ चौ.मी. होते.